गेम रूम

तर झालं असं, की आमच्या चिरंजीवांनी बाराव्या वाढदिवसाला एअर हॉकीचं टेबल मागितलं.

सायकल नाही, मोबाइल नाही (तो दहावीनंतर, असं आमच्या घरातलं कलम आहे आणि आजपर्यंत तरी ते टिकून आहे). टेबल! वर्षातून दोनतीनदा आम्ही त्याला मॉलमधल्या गेम झोनमध्ये नेतो, तिथे त्याने ते पाहिलं. गावच्या आमच्या काकूही हे वाचतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. लांबट, गुळगुळीत टेबल. त्याला सगळीकडे सुईने पाडल्यासारखी बारीक बारीक भोकं. खालून पंखा हवा सोडतो, ती त्या भोकांतून वर येते आणि त्या हवेवर प्लास्टिकची एक चपटी चकती तरंगत राहते. दोन टोकांना दोन माणसं, दोघांच्या हातात मुठीचा एकेक ठोकळा, आणि समोरच्याच्या फटीत चकती घालायची. सात गोल आधी करेल तो जिंकला. अमेरिकेत बिलियर्डची टेबलं बनवणाऱ्या ब्रन्सविक कंपनीतल्या लोकांनी १९७०च्या आसपास हे काढलं. चकती घासत नाही, म्हणून थांबत नाही, आणि म्हणून पोरंही थांबत नाहीत. गेम झोनवाल्याचं कार्ड तेवढं रिकामं होत राहतं.

चिरंजीवांनी त्याचाच हिशोब मांडला होता. वहीच्या मागच्या पानावर. एका खेळाचे इतके, एका फेरीत इतके खेळ, वर्षात इतक्या फेऱ्या... आणि शेवटी दुहेरी रेघ मारून, 'जुनं टेबल घेतलं तर पाच वर्षांत फुकट'.

"आणि ठेवणार कुठे?"

"गेम रूममध्ये."

सौभाग्यवती ओट्याशी पोळ्या लाटत होत्या, त्यांचं लाटणं थांबलं. आमचं घर ३०० चौरस फुटांचं. चाळ पाडून टॉवर झाला त्यात मिळालेलं, चौदाव्या मजल्यावर. एक हॉल, त्याच्याच कोपऱ्यात स्वयंपाकघर म्हणायची जागा, आणि एक खोली. हॉलमध्ये दिवाणावर अण्णा, म्हणजे माझे वडील. खोलीत आम्ही तिघं आणि गाद्यांची चवड. आता यातली गेम रूम कुठली, हे मी त्याला हसत हसत विचारलं. त्याने सगळा हॉल नजरेने मोजला आणि म्हणाला, "टेबल असलं की मुलं येतील ना घरी."

मग मला काही हसता येईना.

आमच्या मजल्यावर सात घरं आहेत. त्यातल्या तीन घरांत याच्या वयाची मुलं आहेत. आम्ही इथे राहायला आलो त्याला पाच वर्षं झाली. त्या तीनपैकी एकही मुलगा आमच्या उंबऱ्याच्या आत आलेला मला आठवत नाही आणि हाही त्यांच्याकडे गेलेला नाही. भांडण वगैरे काही नाही हो. लिफ्टमध्ये भेटले की एकमेकांकडे बघून हसतात. खाली अभ्युदयनगरचं भगतसिंग मैदान आहे, पण याचा क्लास सुटतो तेव्हा त्यांचा सुरू होतो. दारं बंद असतात, आत एसी किंवा टीव्ही असतो आणि बेल वाजवून "येतोस का खेळायला?" असं विचारणं आता लाजिरवाणं झालंय म्हणे. आमच्या चाळीत बेलच नव्हती. दारही नव्हतं म्हटलं तरी चालेल, पडदा होता.

तेव्हा मी टेबल बघायला गेलो, हे तुम्ही समजून घ्या.

नवीन घेणं शक्यच नव्हतं. मोबाइलवर जुन्या वस्तूंच्या जाहिरातींत आठवडाभर शोधल्यावर ठाण्याला घोडबंदर रोडवरचं एक सापडलं. सात फुटी, किंमत पस्तीस हजार, 'वापर कमी'. रविवारी सकाळी चिंचपोकळीहून धीमी गाडी पकडली. पाठीच्या पिशवीत मोजपट्टी, बॅटरी आणि शिवणाची सुई. सुई कशाला, तर मी वाचून गेलो होतो. जुनं एअर हॉकीचं टेबल घेताना मुख्य बघायची ती भोकं. धुळीने ती बुजतात, आणि बुजली की तेवढ्या भागात चकती एकदम पाय ओढत चालायला लागते. टेबल सुरू करायचं, चकती चारही कोपऱ्यांत आणि मध्ये हलकेच सोडून बघायची. मग एका टोकाला वाकून, डोळा टेबलाच्या पातळीला आणून, मध्ये पोक आलंय का ते पाहायचं. पोक आलेलं टेबल दुरुस्त होत नाही. आणि मोटर किती व्होल्टची ते पाहायचं.

ते घर म्हणजे... काय सांगावं! त्यांच्याकडे खरोखरच एक जादा खोली होती. माणसं मात्र भली. ते गृहस्थ काही वर्षं अमेरिकेत होते, परत येताना सामानाबरोबर टेबलही आणलं, आणि आता पुण्याला निघाले होते. मोटरवर बघतो तर ११० व्होल्ट. म्हणजे शेजारी विटेएवढा जड एक ट्रान्सफॉर्मर, तो नसताना चुकूनही आपल्या प्लगमध्ये घातलं तर मोटरची राखच. हे त्यांनी मी विचारायच्या आधीच सांगितलं, याला प्रामाणिकपणा म्हणतात. सुरू केलं तेव्हा एवढा आवाज झाला, की मिक्सरमध्ये चटणी घातलीय आणि कोणी तो बंदच करत नाहीये. अण्णांच्या दिवाणापासून तीन फुटांवर हा आवाज मी मनातल्या मनात लावून पाहिला.

टेबल चांगलं होतं हो. एका कोपऱ्यातली भोकं बुजली होती, तीही सुईने मोकळी झाली. आमचे चिरंजीव त्यांच्या मुलाशी खेळायला लागले. तो मुलगा याच्याहून दोनेक वर्षांनी मोठा, आधी कानात ते घालून कंटाळून उभा होता, पण तिसऱ्या गोलला त्याने कानातलं काढून ठेवलं. दोघं घामाघूम. आम्ही बाहेर चहा घेत बसलो.

"किती वापरलंत?" मी विचारलं.

"पहिले दोन महिने रोज. मग मुलगा म्हणायला लागला, खेळू कोणाशी? मी येतो रात्री नऊला." ते थोडं थांबले. "आता इस्त्रीचे कपडे ठेवतो त्याच्यावर. जागा छान आहे कपड्यांना."

मी मोजमाप आटोपून घेतलं, पण खरं म्हणजे तिथेच निकाल लागला होता. बाकीचं फक्त गणित. पाय निघतात, पण वरची पेटी अखंड सात फुटांची, आणि आमच्या लिफ्टची आतली उंची पावणेसात फूट. जिन्याने चौदा मजले. समजा, हमाल देवासारखा भेटला आणि चढवलंही, तर आमचा हॉल बारा फुटांचा. सात फूट टेबल, दोन्ही टोकांना खेळणाऱ्याला निदान तीन-तीन फूट. तेरा झाले. टेबल मावेल, माणसं मावणार नाहीत.

परतीच्या गाडीत तो खिडकीशी बसला आणि मुलुंडपर्यंत काही बोलला नाही. रडला असता तर बरं वाटलं असतं. विक्रोळी गेल्यावर त्याने विचारलं, "बाबा, तुमच्याकडे तर एकच खोली होती ना? मग तुम्ही कुठे खेळायचात?"

आता याचं उत्तर द्यायला विक्रोळी ते चिंचपोकळी एवढं अंतर पुरत नाही.

आमची खोली दहा बाय बारा. त्यात आम्ही आठ माणसं, त्यातली दोन गावाहून आलेली, गिरणीत पाळीला जाणारी. एक पाळीवरून यायचा तेव्हा दुसरा उठून त्याला जागा द्यायचा. तेव्हा खेळायला घरात बसायचं ही कल्पनाच नव्हती. काळाचौकी, लालबाग, परळ, जिथे जिथे चाळी तिथे तळमजल्यावर मंडळाची खोली असायची. आमच्या मंडळाच्या खोलीत गणपतीचा पाट, कनातींच्या गुंडाळ्या, लेझमांचं पोतं आणि फुटलेला एक ढोल, एवढ्या सगळ्यातून जागा काढून दोन कॅरम बोर्ड मांडलेले असत. वर लांब वायरीला टांगलेला बल्ब. त्याला पुठ्ठ्याची टोपी केलेली, म्हणजे उजेड फक्त बोर्डावर पडतो आणि खेळणाऱ्याच्या डोळ्यांत जात नाही. बाकी खोली अंधारात. भिंतीला पाटी, पाटीवर खडूने नंबर. जिंकेल तो बसेल, हरेल तो उठेल. चार जण बसलेले आणि पंधरा जण उभे, आणि त्या पंधरांना चौघांपेक्षा जास्त कळायचं.

कॅरमला कोणी मोठा खेळ म्हणत नाही, पण त्याचं शास्त्र काटेकोर आहे. आतला चौरस ७४ सेंटिमीटरचा, काळ्या नऊ, पांढऱ्या नऊ आणि एक राणी, स्ट्रायकर १५ ग्रॅमच्या वर नको. पंचवीस गुणांचा गेम, राणीचे तीन, आणि राणी घेतली की लगेच पुढची सोंगटी घेऊन तिला कव्हर द्यायचं, नाहीतर राणी परत मध्यावर. एअर हॉकीत जे काम हवा करते ते इथे बोरिक पावडर करते. फडक्याच्या पुरचुंडीतून ती झटकायची, हाताने पसरायची नाही. पावसाळ्यात बोर्ड ओढायला लागायचा, स्ट्रायकर चिखलात रुतल्यासारखा. मग आमचा एक कार्यकर्ता बल्ब खाली ओढून बोर्ड शेकत बसायचा, आणि आम्ही सगळे भाकरी भाजायची वाट बघावी तसे भोवती उभे.

ही पावडर फार घात करायची. अर्ध्या चड्डीवर, मनगटावर, कोपरावर पांढरा डाग. घरी गेलं की अण्णा आधी तिथे बघायचे. "कुठे होतास?" "गॅलरीत." "मग हे काय?" "भिंतीचा चुना लागला." चाळीच्या भिंतींचा चुना खरोखरच अंगाला लागायचा, त्यामुळे हे उत्तर तसं कायद्यात बसणारं होतं. अण्णा काही बोलायचे नाहीत किंवा एकच वाक्य बोलायचे, "कॅरमने पोट भरत नाही."

हे मी ऐकत मोठा झालो. आणि माझा राग असा की हे सांगणारे अण्णा स्वतः काय होते, ते मला चाळीतल्या इतरांकडून कळायचं. अण्णा १९७१ साली गिरणीत बदली म्हणून लागले, मग साचेखात्यात कायम झाले. रात्रपाळी सुटली की झोपायच्या आधी दोन बोर्ड खेळून जाणारा माणूस. त्यांचा अंगठ्याचा फटका पाहायला शेजारच्या चाळीतून लोक यायचे म्हणे. पाठीमागच्या, आपल्याच बाजूच्या पॉकेटातली सोंगटी अंगठ्याने घ्यायची, हे येरागबाळ्याचं काम नाही. एका वर्षीच्या बोनसमधून त्यांनी स्वतःचा बोर्ड घेतला होता. अख्ख्या चाळीत स्वतःचा बोर्ड असलेला एकच माणूस!

तो बोर्ड मी पाहिल्याचं मला आठवत नाही. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी तीन वर्षांचा होतो. सुमारे अडीच लाख कामगार. पुस्तकात हा आकडा वाचणं वेगळं आणि त्यातले एकाच चाळीतले ऐंशी-नव्वद जण सकाळी साडेसातला घरी बसलेले असणं वेगळं. जुने लोक सांगतात, सुरुवातीचे दोनतीन महिने मंडळाचे बोर्ड सकाळपासून रात्रीपर्यंत रिकामे नव्हते. पाटीवरची नावं पुसली जायची नाहीत. मग माणसं गावाला जायला लागली. मग घराघरांतून वस्तू जायला लागल्या, आधी घड्याळं, मग पितळेची भांडी. आमच्याकडून काय काय गेलं त्याची यादी आई करायची कधीकधी, तिच्या यादीत बोर्ड शेवटी यायचा. कोणाला विकला, कितीला, हे तिलाही माहीत नव्हतं. अण्णांनी नंतर कधी स्ट्रायकर हातात धरला नाही. संप कोणी मागे घेतल्याचं जाहीर केलं नाही, तसंच हे. पुढे त्यांनी वॉचमनची नोकरी केली, पाव विकले, एका गोडाऊनमध्ये हिशोब लिहिला, आणि आम्हा दोघा भावंडांना शिकवलं. हे सगळं मला मान्य आहे.

पण १९९४ साली मला ज्युनियरच्या स्पर्धेत खेळायचं होतं, मंडळ पाठवायला तयार होतं, प्रवेश फी तेवढी घरून भरायची होती. अण्णांनी नाही म्हटलं. रक्कम एवढीशी होती, की ती इथे लिहायलाही संकोच वाटतो. मी त्यांच्याशी महिनाभर बोललो नाही. (ताई, तू तेव्हा मध्ये पडली होतीस, तुझं तेव्हाही ऐकलं नव्हतं.) आपण काही फार मोठे खेळाडू होणार होतो असा माझा आजही दावा नाही. पण परळच्या पट्ट्यातल्या अशा खोल्यांत जे खेळायचे ते कुठे पोचू शकले असते, ते पाहायला मिळालं असतं, इतकंच. आपल्या मुंबईचा प्रशांत मोरे २०१६ साली बर्मिंगहॅमला जागतिक विजेता झाला, तेव्हा मी ऑफिसात पेढे वाटले होते. आणि २०२४ मध्ये अमेरिकेतल्या विश्वचषकात चेन्नईच्या काझिमाने, रिक्षाचालकाच्या मुलीने, तीन सुवर्णपदकं घेतली तेव्हा ती बातमी मी मुद्दाम मोठ्याने वाचली. अण्णा पेपरावरून वर न बघता म्हणाले, "चेन्नईला असेल."

असो. गाडी कुठल्या कुठे गेली.

चिंचपोकळीला उतरताना मी त्याला म्हटलं, आपण कॅरम घेऊ या. त्याला काही फारसा आनंद झाला नाही. कॅरम म्हणजे त्याच्या मते मोबाइलवर बोटाने खेळायची गोष्ट.

योग असा, की त्याच सुमारास आमच्या मागची एक चाळ रिकामी होत होती. तिथल्या मंडळात माझा एक बालमित्र कार्यकर्ता आहे. मंडळाच्या खोलीतलं सामान कुठे न्यायचं हा प्रश्न त्यांना पडला होता. पाट आणि पेटी एकाने घरी नेली, ढोल एकाने, आणि बोर्ड कोणी नेईना, कारण सगळ्यांना ३०० चौरस फूटच मिळणार. "भंगारवाला दोनशे देतोय," तो म्हणाला. "तू काय देतोस?" मी दीड हजार म्हटलं. त्याने स्टँड, सोंगट्यांचा अर्धा संच आणि दिव्याची टोपीसुद्धा दिली.

मित्र असला तरी पारखून घेतला हं. घरून निघताना कपाटाच्या वरच्या कप्प्यातून माझा जुना स्ट्रायकर काढून खिशात टाकला. (तो तिथे तीस वर्षं होता हे सौभाग्यवतींना त्या दिवशी कळलं. त्या एवढंच म्हणाल्या, "आणखी काय काय आहे वर?") ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बोर्डात पाहायचं, रेघ सरळ दिसली तर प्लाय सरळ. एका कोपऱ्यात रेघ किंचित मोडत होती, ओलीने प्लाय उचलला होता. चौकटीचे सांधे घट्ट. दोन पॉकेटांच्या जाळ्या फाटक्या, त्या मिळतात. मग स्ट्रायकर जोरात सोडला. चांगल्या बोर्डावर तो जाऊन, आपटून, परत येऊन, पुन्हा जातो, निदान तीन लांब्या तरी व्हायला हव्यात. त्या झाल्या, आणि तो आवाज! तो आवाज त्या रिकाम्या खोलीत झाला तेव्हा आम्ही दोघंही जरा वेळ गप्प होतो. मग तो म्हणाला, "घेऊन जा बाबा लवकर."

दोघांनी मिळून चालत नेला. रस्त्यात तीन जणांनी विचारलं, "कुठली स्पर्धा?" आणि लिफ्टमध्ये तो उभा केला, तर आणखी चार माणसं मावली.

घरी अण्णा दिवाणावर बसले होते. मला वाटलं होतं आता ते वाक्य येणार. आलं नाही. चष्मा लावला, काठी बाजूला ठेवली, जवळ आले.

"उलटा कर."

मी बोर्ड पालथा केला. मागच्या पट्ट्यांवर त्या मंडळाचं नाव रंगवलेलं होतं, आणि साल, १९८७. अण्णांनी ते वाचलं नाही. ते कोपऱ्याशी वाकले आणि आडव्या पट्टीच्या आतल्या बाजूवरून, जिथे नजर जात नाही तिथून, बोट फिरवलं. एका कोपऱ्यात. मग दुसऱ्या. चारही कोपरे झाल्यावर सरळ उभे राहिले.

"हा नाही," ते म्हणाले.

मी काही विचारलं नाही. माझ्याच्याने विचारवलं नाही. सौभाग्यवती माझ्याकडे बघत होत्या. अण्णांनी बोटाची धूळ लेंग्याला पुसली आणि म्हणाले, "प्लाय बरा आहे. हा कोपरा उन्हात ठेवू नका, अजून वाकेल. पंख्याखाली उभा ठेव दोन दिवस. आणि जाळ्या धोबीतलावला मिळतील, इथे नको घेऊ."

दोन दिवसांनी बोर्ड मांडला. पहिल्या दिवशी अण्णा खेळायला बसले, नातवाच्या आग्रहाखातर. हात थरथरतो त्यांचा आता. पहिला फटका रेषेवरूनच घसरला, दुसऱ्यात स्ट्रायकरच पॉकेटात. "आजोबा, ड्यू!" म्हणून चिरंजीव ओरडले (हे त्याला मीच शिकवलं होतं, तासाभरापूर्वी). अण्णांनी मुकाट एक सोंगटी परत ठेवली. तिसऱ्या फटक्यानंतर "तुम्ही खेळा," म्हणून दिवाणावर जाऊन पेपर उघडला. पेपर सकाळचा, वाचून झालेला.

मुलं लगेच आली असं नाही. पहिला आठवडा आम्ही तिघंच खेळलो. मग एका संध्याकाळी दार उघडं राहिलं, कारण पावडर उडते आणि सौभाग्यवतींना खोकला येतो, म्हणून. लिफ्टमधून उतरलेला समोरचा मुलगा थांबला. आवाज कसला म्हणून. दुसऱ्या दिवशी तो भावाला घेऊन आला. आता सहा-सात जण असतात, अकराव्या मजल्यावरची एक मुलगी तर असा कट मारते की आमचे चिरंजीव तिच्याशी भिडू म्हणूनच बसतात, समोर बसत नाहीत. दाराबाहेर चपलांचा ढीग. खालच्या मजल्यावरून निरोप आला, ठकठक होते म्हणून. त्यांचंही बरोबर आहे, स्टँडखाली जुन्या सतरंजीचे चार तुकडे घातले. मी पाटी आणली. खडूने नंबर लिहायची पद्धत त्यांना फार आवडली, फक्त पाटीवर एक जण 'वेटिंग' लिहितो.

एअर हॉकीचं नाव निघत नाही असं मात्र समजू नका. दिवाळीत गेम झोनला जायचं आहेच, या वेळी तिघंचौघं मिळून, असं ठरलंय. वहीच्या मागच्या पानावर नवा हिशोब आहे.

परवा अर्ध्या दिवसाची रजा होती, म्हणून दुपारी दोनला घरी आलो. मुलगा शाळेत, सौभाग्यवती बँकेत गेलेल्या. बोर्ड दुपारी भिंतीला उभा असतो, तसाच होता. अण्णा दिवाणावर पेपर वाचत होते. त्यांच्या लेंग्यावर, उजव्या मांडीवर, पांढरा डाग होता. मनगटावरही.

"हे काय लागलं?" मी विचारलं.

अण्णांनी खाली पाहिलं. सावकाश झटकलं.

"भिंतीचा चुना असेल," म्हणाले.

आमच्या भिंतींना प्लास्टिक पेंट आहे. मी आत जाऊन चहा ठेवला. पावडरचा डबा पाहिला, संपत आला आहे. उद्या ऑफिसातून येताना आणायला हवा, दोन डबे.